डॉक्टर, आमच्या आयांचा श्वास मोजा : पुण्यातल्या फॅमिली डॉक्टरांना खुले पत्र

पुण्यातल्या सर्व फॅमिली डॉक्टरांना,

सप्रेम नमस्कार.

गेली २४ वर्षं मी तुमच्या चिठ्ठ्या वाचते आहे. कसबा पेठेत माझं औषधाचं छोटं दुकान आहे. आजूबाजूच्या गल्ल्यांत आठ-दहा दवाखाने आहेत. कोणी एमबीबीएस, कोणी बीएएमएस, कोणी बीएचएमएस. तुमच्यापैकी कितीतरी जणांचं अक्षर मी नाव न बघता ओळखते. चिठ्ठी हातात आली की पेशंटला काय होतंय ते साधारण कळतं. आणि तोच पेशंट महिन्याने, दोन महिन्यांनी पुन्हा तशीच चिठ्ठी घेऊन उभा राहिला, की काहीतरी राहून गेलंय हेही कळतं.

त्या एका चिठ्ठीबद्दल, आणि तिच्यामागे लपणाऱ्या सीओपीडी नावाच्या श्वासाच्या आजाराबद्दल हे पत्र आहे. पाच दिवसांचं अँटिबायोटिक, खोकल्याचं औषध, श्वासनलिका मोकळी करणाऱ्या थिओफायलीनच्या गोळ्या, कधी स्टिरॉइडचा छोटा कोर्स, खाली बी-कॉम्प्लेक्स. पावसाळा लागला की ही चिठ्ठी येते. दिवाळीच्या धुरानंतर येते. डिसेंबर-जानेवारीत नदीकाठी सकाळी धुकं आणि शेकोट्यांचा धूर एकत्र साचतो, तेव्हा तर दिवसाला पाच-सहा येतात. माणसं बरीचशी तीच असतात. पन्नाशी ओलांडलेल्या बायका, रिटायर झालेले कामगार, पहाटे रस्ते झाडणाऱ्या मावशी. विचारलं तर सगळ्यांचं उत्तर एक, "जुना खोकला आहे हो, आमच्या डॉक्टरांना माहितीय."

माझ्या आईलाही "जुना खोकला" होता. नऊ वर्षं होता.

आई लग्न होऊन कसब्यातल्या एका वाड्यात आली तेव्हा १९ वर्षांची होती. घरात सगळी मिळून अकरा माणसं. पहाटे साडेचारला उठून न्हाणीघरातला तांब्याचा बंब पेटवायचा, हे नव्या सुनेचं काम. बंबात काय जाईल त्याचा नेम नसे. लाकडाच्या ढलप्या, करवंट्या, जुनी रद्दी, ओली निघालेली शेणी. न्हाणीघराला हातभर खिडकी, तीही बोळात उघडणारी. आई फुंकणी घेऊन खाली वाकायची, धूर डोळ्यांत गेला की पदराने डोळे पुसायची आणि परत वाकायची. मग स्वयंपाकघरात भुशाची शेगडी, जोडीला रॉकेलचा स्टोव्ह. गॅसचा नंबर लागायला आणखी काही वर्षं गेली. गॅस आल्यावरही बंब मात्र चालूच राहिला, कारण अकरा जणांचं अंघोळीचं पाणी गॅसवर तापवणं परवडत नव्हतं. असे २२ वर्षं रोज दोन-अडीच तास. आईने आयुष्यात विडी-सिगारेट हातात धरलेली नाही. तिला कोणी ते विचारलं असतं तरी ती रागावली असती.

बावन्नाव्या वर्षी खोकला सुरू झाला. आमचे फॅमिली डॉक्टर देवमाणूस. रात्री अकराला हाक मारली तरी स्कूटर काढून येणारे, आणि वडिलांच्या शेवटच्या दिवसांत आमच्या घरच्या माणसासारखे वावरलेले. त्यांनी छाती तपासली, औषध दिलं, बरं वाटलं. पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षी दोनदा. मग थुंकीची तपासणी झाली. टीबी नव्हता. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, डॉक्टरांनीही. एक्स-रे ठीक होता. "वयोमानाने होतं. ब्राँकायटिस आहे. थंड खाऊ नका." मी स्वतः फार्मसी शिकलेली मुलगी, मीच दुकानातून तिच्यासाठी औषध घेऊन घरी जात होते. माझ्याही डोक्यात दुसरं काही आलं नाही.

या नऊ वर्षांत आईचं काय झालं ते मला पर्वतीच्या हिशेबात सांगता येतं. पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. पूर्वी ती दर श्रावणी सोमवारी चढायची, वर पोचून आमची वाट बघायची. मग मधल्या कट्ट्यावर टेकायला लागली. मग म्हणाली, "गुडघे दुखतात, तुम्हीच जाऊन या." आम्ही गुडघ्याचं तेल आणून दिलं. मग तुळशीबागेत जायचं बंद झालं, "गर्दी सहन होत नाही" म्हणून. मग वेणी घालताना ती मध्ये हात खाली ठेवून थांबायला लागली. एकदाही ती "मला दम लागतो" असं म्हणाली नाही. दम लागायच्या आधीच ती ते काम सोडून देत होती. पेशंट दवाखान्यात येऊन "धाप लागते" असं सांगेल याची तुम्ही वाट बघत असाल, तर डॉक्टर, बायका ते सांगत नाहीत. त्या फक्त एकेक गोष्ट करायची सोडतात. आणि घरात "दमा" हा शब्द निघाला तर नातीची सोयरीक अडेल, ही भीती वेगळीच.

शेवटी एका भाचीने, ती नर्सिंग शिकत होती, हट्टाने तिला स्पायरोमेट्रीला, म्हणजे श्वास मोजायच्या तपासणीला नेलं. मी बरोबर होते. काचेच्या केबिनमध्ये एक तरुण टेक्निशियन. त्याने नाकाला क्लिप लावली, तोंडात पुठ्ठ्याची नळी दिली आणि सांगितलं, "आजी, पूर्ण श्वास घ्या, आणि जोरात फुंका, थांबायचं नाही." पहिल्यांदा आई नुसती हलकेच फुंकली. परक्या माणसापुढे तोंड फुगवून फुंकायची तिला लाज वाटत होती. तो पोरगा अजिबात कंटाळला नाही. "जोरात, जोरात, जोरात, अजून, अजून, अजून, संपेपर्यंत!" तिसऱ्या वेळी तिला जमलं. पडद्यावरची रेघ वर चढायच्या ऐवजी लोळल्यासारखी आडवी गेली. मग पंपाचे (इनहेलरचे) चार पफ, पंधरा मिनिटं बाकावर बसणं, आणि पुन्हा तीच फुंकर. रेघ फारशी हलली नाही.

निरोगी माणूस पूर्ण श्वास घेऊन जोरात सोडतो तेव्हा त्यातली ७० टक्क्यांहून जास्त हवा पहिल्या सेकंदात बाहेर पडते. औषधाचे पफ घेतल्यानंतरही हा आकडा ७० टक्क्यांच्या खाली राहिला, तर श्वासाची वाट कायमची अरुंद झाली आहे, म्हणजे सीओपीडी. आईचा आकडा होता ५२. ज्या वयात तिला हे कळलं त्या वयात तिच्या फुप्फुसाची ताकद बरीच खाली आलेली होती. गेलेलं फुप्फुस परत येत नाही. ते तुम्हाला मी सांगायला नको.

आमच्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवला तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझ्याकडे हे मशीन कधी नव्हतंच." मला त्यांचा राग आला नाही, आजही येत नाही. पण ते वाक्य माझ्या मनातून जात नाही, कारण ते एकट्या त्यांचं वाक्य नाही.

आता एक गोष्ट आठवण करून देते. १ फेब्रुवारी २०११ या एकाच दिवशी देशातल्या ८८० शहरांत आणि गावांत ७,४०० डॉक्टरांनी आपल्या दवाखान्यात आलेल्या प्रत्येक पेशंटची नोंद केली होती. एकूण २,०४,९१२ पेशंट. हा अभ्यास करणारी संस्था आपल्या पुण्यातली, चेस्ट रिसर्च फाउंडेशन. नोंदी करणारे डॉक्टर तुमच्यासारखेच, जनरल प्रॅक्टिशनर, फिजिशियन, बालरोगतज्ज्ञ. तुमच्यापैकी काही जणांनी त्या दिवशी ते फॉर्म भरलेही असतील. निघालं असं की अर्ध्याहून जास्त पेशंट श्वासाशी संबंधित काही ना काही तक्रार घेऊन आले होते. निदानांच्या यादीत पहिला होता रक्तदाब, १४.५२ टक्के. दुसरा होता श्वासनलिका अरुंद होण्याचा आजार, म्हणजे दमा आणि सीओपीडी मिळून, १४.५१ टक्के.

दोन्हींत फरक शंभरात एका दशांशाचाही नाही. आणि तरी रक्तदाबाचं यंत्र नाही असा दवाखाना पुण्यात दाखवून द्या, आणि स्पायरोमीटर आहे असा दवाखाना माझ्या पेठेत दाखवून द्या. रक्तदाब तुम्ही हात लावून, चेहरा बघून ठरवत नाही. "साखर वाटतेय" म्हणून इन्सुलिन लिहीत नाही. मग श्वासाचा आजार मात्र नुसता कानाने का ठरवायचा? सुरुवातीच्या सीओपीडीत स्टेथोस्कोपला काही ऐकू येत नाही आणि एक्स-रे स्वच्छ असतो, हे तुम्हीच आम्हाला शिकवता.

हा आजार किती मोठा आहे, याचे आकडे आपल्याला रोजच्या बोलण्यात ऐकू येत नाहीत. देशभरच्या राज्यांचा आजारभार मोजणारा मोठा अभ्यास २०१८ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आला. त्याच्या हिशेबाने भारतात १९९० मध्ये सीओपीडीचे २ कोटी ८१ लाख रुग्ण होते. २०१६ मध्ये ते ५ कोटी ५३ लाख झाले. त्यातली काही वाढ लोकसंख्येची आणि वाढत्या वयोमानाची आहे, ते खरं. पण जगाच्या १८ टक्के लोक आपल्याकडे राहतात, आणि दीर्घकाळच्या श्वसनविकारांनी जगात आयुष्याची जेवढी वर्षं आजारपणात किंवा अकाली मृत्यूत जातात, त्यातली ३२ टक्के आपली. २०१६ मध्ये देशातल्या एकूण मृत्यूंपैकी ८.७ टक्के सीओपीडीने झाले. अकरा-बारा मृत्यूंमागे एक. गल्लीत एवढे मृत्यू हार्टचे झाले की आपण बोलतो, एकमेकांना ईसीजी काढायला पाठवतो. सीओपीडीने गेलेल्या माणसाबद्दल "म्हातारपण होतं, छाती भरली" एवढंच म्हटलं जातं.

त्याच अभ्यासात कारणांची वाटणीही आहे. सीओपीडीच्या या भारामागे ५३.७ टक्के वाटा हवेच्या प्रदूषणाचा, घरातल्या आणि बाहेरच्या दोन्ही. तंबाखूचा वाटा २५.४ टक्के. म्हणजे तंबाखूच्या दुप्पट. तंबाखू वाईटच, विडी सोडल्याशिवाय फुप्फुसाची घसरण थांबत नाही, आणि ती सोडायला सांगण्याचं काम तुमच्याइतकं दुसरं कोणी करू शकत नाही. पण केसपेपरवर "स्मोकिंग? नाही" असं लिहिलं की सीओपीडीचा विचार तिथेच संपतो. माझ्या आईचा तिथेच संपला. धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवरचा २००९ चा लॅन्सेटमधला लेख पुण्यातल्या डॉ. संदीप साळवी यांनी लंडनच्या पीटर बार्न्स यांच्याबरोबर लिहिला आहे. जगात साधारण १ अब्ज लोक धूम्रपान करतात आणि ३ अब्ज लोक चुलीच्या धुरात जगतात, हा हिशेब त्यात मांडलाय. जगभरच्या सीओपीडी रुग्णांपैकी २५ ते ४५ टक्के लोकांनी कधीच धूम्रपान केलेलं नाही, असंही त्यात आहे. हे ज्ञान आपल्याच गावातून जगाला गेलं. ते लक्ष्मी रोडच्या दवाखान्यातल्या केसपेपरवर उतरावं एवढीच माझी इच्छा आहे.

कुणी म्हणेल, आता पुण्यात चूल राहिली कुठे? वाडे पडले, सोसायट्या झाल्या, घरोघरी गॅस आला. बरोबर आहे. पण आज साठीच्या असलेल्या बाईचं फुप्फुस तिच्या विशीतल्या धुरातून आलेलं आहे. मुळशी, वेल्हे, पुरंदरहून लेकाकडे राहायला आलेली आजी घेऊन आलेली असते ती तिची चाळीस वर्षांची चूल. आणि धूरही काही संपलेला नाही. बेकरीच्या लाकडी भट्टीवर बसणारा, फाउंड्रीत वाळू चाळणारा, बांधकामावर टाइल कापणारा, कचरा वेचताना जळत्या ढिगापाशी उभी राहणारी, हे सगळे तुमच्याकडेच येतात. घराघरांत रात्री दारं-खिडक्या बंद करून मच्छर कॉइल लावतात. एक कॉइल जळताना जेवढे बारीक कण हवेत जातात ते ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे असतात, असं २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजलं गेलंय. माझ्या दुकानात बाळाच्या खोकल्याचं औषध आणि कॉइलचं पाकीट एकाच पिशवीत जातं. मी सांगते, मच्छरदाणी घ्या. ऐकतात थोडे. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील.

फटाक्यांचंही तसंच. चेस्ट रिसर्च फाउंडेशन आणि पुणे विद्यापीठातल्या लोकांनी मिळून फटाक्यांचा धूर मोजला होता. सगळ्यांत वाईट निघाली ती लहान मुलांच्या हातात बिनधास्त दिली जाणारी सापाची गोळी. तिच्या जवळच्या हवेत बारीक कणांचं प्रमाण घनमीटरला ६४,५०० मायक्रोग्रॅमपर्यंत गेलं. आपल्या देशाची चोवीस तासांची मर्यादा ६० आहे. आवाज नाही म्हणून ती निरुपद्रवी, असं आपण समजून चाललो होतो. हे सांगताना मला दिवाळीवर काही म्हणायचं नाही. माझ्या घरीही दिवाळी असते. पण दिवाळीनंतरच्या आठवड्यात दुकानापुढे लागणारी रांग मला पाठ आहे.

हवा कुठे काय आहे ते पुण्याला ठाऊक आहे. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संस्थेने 'सफर' ही हवेची गुणवत्ता मोजणारी यंत्रणा चालवली. शिवाजीनगर, हडपसर, भोसरी, कात्रजची हवा रोज मोजली जाते आणि मोबाइलवर दिसते. हवा मोजतो, पण ती ज्या छातीत जाते ती छाती मोजायची सोय मात्र माणसाला त्याच्या पेठेत नाही. आशाताईंच्या तपासणीच्या फॉर्ममध्येसुद्धा "स्वयंपाकाला कोणतं इंधन वापरता?" हा प्रश्न आहे. लाकूड, शेणी, कोळसा, रॉकेल, गॅस, सगळे पर्याय छापलेले. तुमच्या केसपेपरवर एक ओळ त्या प्रश्नाची घाला. "चूल किंवा बंब किती वर्षं?" मधुमेहाला "घरात कोणाला आहे का?" विचारतो तितक्या सहज.

आता टीबीबद्दल. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासा, हे आपल्या हाडीमांशी खिळलं आहे, आणि खिळलं ते चांगलंच झालं. पण रिपोर्ट निगेटिव्ह आला की आपण फाइल मिटतो. टीबी नाही म्हणजे फुप्फुस ठीक, असं नाही. उलट पूर्वी टीबी होऊन बरी झालेली माणसं, ज्यांच्या फुप्फुसावर त्याचे व्रण राहिलेत, त्यांचाही श्वास अरुंद होतो. त्यांना तर आवर्जून पाठवायला हवं. थुंकीनंतरची पायरी फुंकर असावी, असं मला वाटतं.

आणि पंपाबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण ते माझ्या काउंटरवर घडतं. पेशंटच्या मनात पंप म्हणजे शेवट. "पंपाची सवय लागते." "पंप लागला म्हणजे संपलं." नातेवाईक चिठ्ठी घेऊन येतात आणि म्हणतात, "पंप नको, गोळ्याच द्या, बाकीचं द्या." घाबरलेल्या माणसाला तुम्ही दोन मिनिटं दिली नाहीत, तर शेजारीण त्याला दहा मिनिटं देते, आणि शेजारणीचंच खरं ठरतं. गोळीतलं औषध अख्ख्या शरीरात जातं, पंपातलं थोडंसं औषध नेमकं श्वासनलिकेत जातं. हे एवढं वाक्य तुमच्या तोंडून निघालं तर त्याला वजन येतं. माझ्या तोंडून निघालं तर माणूस म्हणतो, बाई औषध खपवतेय.

गेल्या वर्षी पर्वती पायथ्याकडून एक काका आले होते. सत्तरीचे, एसटीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी केलेले. यंत्रात घालून श्वासाबरोबर ओढायच्या कॅप्सूल, रोज दोन, सहा महिने नियमित. "काही फरक नाही," म्हणाले. मी म्हटलं, ओढून दाखवा. त्यांनी खिशातून डबी काढली, कॅप्सूल जिभेवर ठेवली आणि माझ्याकडे पाणी मागितलं. सहा महिने ते ती गिळत होते. यंत्र घरी डब्यात, न उघडलेलं. त्यांना कोणीच दाखवलेलं नव्हतं, मीही नाही, कारण औषध दुसऱ्या दुकानातून घेत होते. त्यांना खुर्चीत बसवलं. आधी श्वास पूर्ण सोडा, मग ओठ घट्ट, मग जोरात ओढा, दहापर्यंत थांबा, मग चूळ भरा. तीन वेळा करून घेतलं. कॅप्सूल आत भिरभिरल्याचा आवाज आला तेव्हा त्यांनी डोळे मोठे केले. "हे असं होतं होय," एवढंच म्हणाले. त्या सहा महिन्यांत ते दोनदा अ‍ॅडमिट झाले होते.

अ‍ॅडमिट होण्याचं बिल सरकारी योजनांतून काही अंशी निघतं, कारण त्या योजना दाखल झालेल्या पेशंटसाठी आहेत. ज्या पंपाने अ‍ॅडमिट होणं टळतं, तो महिन्याच्या महिन्याला स्वतःच्या खिशातून. म्हणून लोक पंप अर्धा वापरतात. दोनाऐवजी एक पफ, रोजच्याऐवजी "लागेल तेव्हा". आठवड्याच्या दोन कॅप्सूल सुट्या मागणारे मला भेटतात. टायोट्रोपियम, ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल ही पंपातली औषधं आता केंद्राच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहेत. जेनेरिक लिहा, स्वस्तातलं लिहा, चिठ्ठीवर "रोज घ्यायचं, बरं वाटलं तरी" असं मराठीत लिहा. तुमच्या संघटना महापालिकेकडे, राज्याकडे जातात तेव्हा दवाखान्यांतून पंप मोफत मिळावेत, हे त्यांनी मागावं. एकट्या फार्मासिस्टचं कोण ऐकतं?

तुमच्या अडचणी मला ठाऊक आहेत. सकाळच्या ओपीडीत पन्नास पेशंट, बाहेर बाक भरलेला. अशात एकाला पंधरा मिनिटं फुंकायला लावणं अवघड आहे. मशीनचा खर्च आहे, टेक्निशियन लागतो, फुंकर नीट झाली नाही तर रिपोर्ट फसवा निघतो. म्हणून प्रत्येकाने मशीन घ्यावं असं मी म्हणतच नाही. पेठेतल्या सात-आठ दवाखान्यांनी मिळून एक घ्यावं. आठवड्यातला एक दिवस, एक शिकलेली मुलगी, सगळ्यांचे पेशंट. सोनोग्राफीला, ईसीजीला जसं पाठवता तसं पाठवावं. तोवर टेबलावर फुंकरीचा जोर मोजणारा पीक फ्लो मीटर ठेवावा, तो काहीशे रुपयांत येतो. त्याने सीओपीडीचं निदान होत नाही, पण पुढे कोणाला पाठवायचं हे ठरवायला तो पुरतो. चाळिशीच्या पुढचा, खोकला-कफ-धाप असलेला, धुरात आयुष्य गेलेला, एवढ्यांचीच तपासणी झाली तरी पुष्कळ. सरसकट सगळ्यांची करायची गरज नाही, तसं तज्ज्ञही म्हणत नाहीत.

लवकर कळून उपयोग काय, असा प्रश्न मला तुमच्यातल्याच एकांनी विचारला होता. प्रश्न रास्त आहे. कॅनडात तक्रारी असूनही निदान न झालेल्या लोकांना शोधून त्यांच्यातल्या ५०८ जणांवर अभ्यास झाला, तो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना श्वसनतज्ज्ञ आणि शिकवणारा माणूस अशी जोडी मिळाली, त्यांना पुढच्या वर्षभरात श्वासाच्या तक्रारीसाठी डॉक्टरकडे कमी वेळा जावं लागलं आणि त्यांचं रोजचं जगणं जास्त सुधारलं. दुसरं उत्तर माझ्या घरात आहे. आईला पंप नीट लागू झाला, फ्लूची आणि न्यूमोनियाची लस दिली, फिजिओथेरपिस्टने ओठ मिटत आणून हळू श्वास सोडायला आणि रोज ठराविक पावलं चालायला शिकवलं. त्याआधी दर हिवाळ्यात दोन-तीनदा छाती भरायची. गेल्या चार हिवाळ्यांत एकदाच अ‍ॅडमिट व्हावं लागलं. ती आज ७३ वर्षांची आहे. वेणी स्वतः घालते. गेल्या श्रावणात पर्वतीच्या ४० पायऱ्या चढली, टेकली, आणि तिथूनच हात जोडून खाली उतरली. नऊ वर्षं आधी कळलं असतं तर उरलेल्या ६३ पायऱ्यांपैकी किती तिच्या राहिल्या असत्या, हे मी रात्री कधी कधी मोजत बसते.

माझ्याकडून एक सांगते. दुकानात काउंटरच्या आत एक खुर्ची ठेवली आहे, आरसा लावला आहे, सरावाला रिकामे पंप आहेत. दुपारी दोन ते चार मला गर्दी नसते. तुम्ही चिठ्ठीच्या खाली "पंप शिकवा" एवढे दोन शब्द लिहा. औषध त्याने कुठल्याही दुकानातून घेतलेलं असो, मी शिकवीन, आणि महिन्याने परत बोलावून तपासीन. माझ्या ओळखीच्या आणखी चार-पाच दुकानदारांनी हे करायचं कबूल केलं आहे. नारायण पेठ, भवानी पेठ, येरवडा. स्पायरोमीटर आणायचं तुमचं ठरलं तर जागेचा प्रश्नही सांगा. दुकानामागची खोली रिकामी आहे, तिला खिडकी मोठी आहे.

आपली,
कसबा पेठेतली एक फार्मासिस्ट